ड्रॉइंगवर १:१०० लिहिलंय, मग पट्टीने मोजल्यावर माप का जुळत नाही?

तुमचे प्रश्न आधी एका जागी गोळा करतो. घराच्या प्लॅनची पीडीएफ तुमच्याकडे आली, कोपऱ्यात १:१०० लिहिलंय, तुम्ही ती ए-४ कागदावर प्रिंट केली आणि हॉलची भिंत पट्टीने मोजली. ड्रॉइंगवर माप लिहिलंय ५.२० मीटर, म्हणजे कागदावर ५.२ सेंटीमीटर यायला हवं, आलं ३.६. दुसरं, १:५०,००० च्या नकाशावर एक पायवाट ७ सेंटीमीटर भरली म्हणजे साडेतीन किलोमीटर, पण चालल्यावर फोनने ४.३ दाखवले. तिसरं, एवढा मोठा आकडा असून त्या नकाशाला लघुप्रमाण का म्हणतात. आणि चौथं, ३० बाय ४० मीटरच्या प्लॉटचा प्लॅन काढायचाय तर स्केल कुठला घ्यायचा.

मी गेली बावीस वर्षं मोजणी आणि ड्राफ्टिंगच्या कामात आहे आणि हे चारही प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेत, पण मुळात गोंधळ एकच असतो. आपण १:१०० हा आकडा घराचा किंवा फाईलचा गुण समजतो. तो आकडा असतो एका ठराविक मापाच्या कागदाचा. कागद बदलला की आकडा खोटा पडतो, आणि तो छापलेला असल्यामुळे खोटा पडलाय हे कुणालाच दिसत नाही. पंचाईत होते ती इथे.

तुमचंच गणित करू. प्रिंट कुठल्या स्केलला आली ते काढायला ड्रॉइंगवर लिहिलेलं माप घ्यायचं आणि कागदावर भरलेल्या मापाने भागायचं, दोन्ही एकाच एककात. ५२० सेंटीमीटर भागिले ३.६ म्हणजे साधारण १४४. म्हणजे तुमच्या हातातला कागद १:१०० चा नाहीच, तो १:१४४ चा आहे. आता हा १४४ कुठून आला? ए मालिकेतले कागद असे बेतलेत की ए-० चं क्षेत्रफळ १ चौरस मीटर, ते निम्मं केलं की ए-१, त्याचं निम्मं ए-२, असं खाली. प्रत्येक पायरीला आकार तोच राहतो आणि लांबी १.४१४ पट म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी कमी होते. त्यामुळे ए-३ साठी केलेलं ड्रॉइंग ए-४ वर बसवलं की १:१०० चं १:१४१ होतं. तुमचं १४४ आलं, वरचा जो दोन टक्क्यांचा फरक आहे तो प्रिंटरचा. घरचा प्रिंटर कडेला काही मिलिमीटर जागा सोडतो आणि 'फिट टू पेज' चालू असलं की सगळं चित्र त्या जागेच्या आत ओढून घेतो. तर माझा अंदाज, तुमचं ड्रॉइंग ए-३ साठी केलेलं आहे. ज्याने काढलं त्याची चूक नाही आणि तुमच्या पट्टीचीही नाही.

हे आकडे पाठच असू द्या. एक पायरी खाली म्हणजे १:१०० चं १:१४१, दोन पायऱ्या खाली (ए-१ चं ए-३) म्हणजे बरोबर अर्धं, १:२००, आणि तीन पायऱ्या खाली १:२८३. यात सगळ्यात धोकादायक दोन पायऱ्यांचा प्रकार. १:१४१ ला आकडे इतके विचित्र येतात की माणूस थांबतो, तुम्हीही त्यामुळेच थांबलात. पण अर्ध्या प्रिंटमध्ये सगळं छान पूर्णांकात येतं, ६ मीटरचे ३ मीटर, शंका येतच नाही.

माझ्या कामाच्या सुरुवातीला मी यातच फसलो होतो. एका ऑफिसकडून १:५०० ची शीट आली होती, मूळ ए-१ ची, मला मिळाली ए-३ ची कॉपी. मी त्यावरून प्लॉटचं क्षेत्रफळ काढलं, ४० बाय ३०, म्हणजे १२०० चौरस मीटर, आणि ते पुढे पाठवूनही दिलं. रात्री परत बघताना लक्षात आलं की जिथून ट्रक आत जातो ते गेट माझ्या मापाने ३ मीटरचं भरतंय, आणि त्या जागेवर मी स्वतः उभा राहिलो होतो, गेट चांगलं ६ मीटरचं होतं. प्लॉट खरा ८० बाय ६० चा होता, ४८०० चौरस मीटर. लांबी निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं, हे शाळेत शिकलेलं असतं पण त्या रात्री मला ते खरं कळलं. दुसऱ्या दिवशी फोन करून आकडा मागे घेतला. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की पट्टी आधी दारावर ठेवतो. खोलीचं दार साधारण ८० ते ९० सेंटीमीटर असतं, जिन्याची पायरी २५ ते ३० सेंटीमीटर खोल असते, गाडी लावायची जागा साधारण अडीच बाय पाच मीटर. दार ४५ सेंटीमीटरचं भरलं तर पुढे काहीही मोजायचं नाही, आधी स्केल शोधायचा.

पण दारावरचा अंदाज फक्त शंका घ्यायला, हिशोबाला नाही. हिशोबाला लिहिलेलं माप किंवा रेषाप्रमाण. शाळेत प्रमाण सांगायच्या तीन पद्धती शिकवतात, शब्दप्रमाण (१ सेंटीमीटरला ५०० मीटर), अंकप्रमाण (१:५०,०००) आणि रेषाप्रमाण म्हणजे ती खाली काढलेली काळी-पांढरी पट्टी, आणि बहुतेकांना ती पट्टी शोभेची वाटते. खरं तर तिघांत टिकाऊ तीच. शब्द आणि अंक कागद लहान झाला तरी तेच छापलेले राहतात, पट्टी मात्र चित्राबरोबर आखडते, चित्राबरोबर ताणली जाते, त्यामुळे झेरॉक्स काढा, फोटो काढा, स्क्रीनवर बघा, तिच्यावरून घेतलेलं माप बरोबर राहतं. म्हणून मी काढलेल्या प्रत्येक शीटवर ती असतेच. तिची मर्यादा एकच, ती बहुधा आडवी असते. स्कॅनर किंवा जुनी झेरॉक्स मशीन कधीकधी एकाच दिशेला ताणते, कागदही दमट हवेत दोन्ही दिशांना सारखा फुगत नाही, तेव्हा एक माप आडवं आणि एक उभं तपासायचं. दोन्हीतून वेगळा स्केल निघाला तर त्या कागदावरून तिरकं काहीही मोजू नका.

आणि कामाच्या ड्रॉइंगवर एक नियम सगळीकडे पाळतात, लिहिलेलं माप आणि पट्टीने मोजलेलं माप यात फरक आला तर लिहिलेलं धरायचं. कित्येक शीटवर तशी सूचनाच छापलेली असते की ड्रॉइंगवरून मोजू नका. माप लिहिलेलंच नसेल तर काढणाऱ्याला विचारायचं, पट्टी लावून स्वतः ठरवायचं नाही. एकाच शीटवर प्लॅन १:१०० ला आणि कोपऱ्यात खिडकीचा तपशील १:२० ला असू शकतो, एखादी आकृती स्केलशिवायही काढलेली असते, तेव्हा प्रत्येक आकृतीच्या खाली काय लिहिलंय ते वेगळं वाचा.

जुनी फूट-इंचातली ड्रॉइंग हातात आली तर अजून एक गोष्ट जपा. पाव इंचाला एक फूट म्हणजे १:४८, आणि एक अष्टमांश इंचाला एक फूट म्हणजे १:९६. हे ५० आणि १०० च्या इतके जवळ आहेत की माणूस १:५० च्या खुणांची पट्टी लावतो, सगळं जुळल्यासारखं वाटतं आणि प्रत्येक माप चार टक्के जास्त वाचलं जातं. १० फुटाला ५ इंच. एका खोलीत चालून जाईल, दहा खोल्यांच्या ओळीत नाही चालणार.

आता लघुप्रमाण आणि बृहद्प्रमाण. १:१०० हा अपूर्णांक आहे, एक भागिले शंभर. १:५०,००० म्हणजे एक भागिले पन्नास हजार. कुठला मोठा? एक भागिले शंभर. म्हणून प्लॅन बृहद्प्रमाण आणि तो नकाशा लघुप्रमाण. डोळ्यासमोर आणायचं तर १० मीटर लांबीचं घर घ्या, १:१०० ला ते कागदावर १० सेंटीमीटरचं येतं, १:५०,००० ला ०.२ मिलिमीटरचं, पेन्सिलीच्या टिंबाएवढंही नाही. वस्तू मोठी दिसते ते बृहद्प्रमाण, एवढंच लक्षात ठेवा. तरी बोलताना लोक 'मोठ्या स्केलचा नकाशा' म्हणतात तेव्हा निम्म्यांच्या मनात 'मोठ्या प्रदेशाचा' असतं, म्हणून मी कामात हे शब्द वापरतच नाही, सरळ आकडा विचारतो.

या ०.२ मिलिमीटरवर मला जरा थांबायचंय कारण तुमच्या पायवाटेचं उत्तर यात आहे. साध्या डोळ्याने आणि पट्टीने आपण कागदावर साधारण पाव मिलिमीटरपर्यंतच वेगळं ओळखू शकतो. हा पाव मिलिमीटर १:१०० वर अडीच सेंटीमीटर होतो, १:५०० वर साडेबारा सेंटीमीटर आणि १:५०,००० वर साडेबारा मीटर. म्हणजे १:५०,००० च्या कागदावर तुम्ही कितीही जपून मोजलं तरी बारा-तेरा मीटरच्या आतलं काही सांगू शकत नाही, आणि ही फक्त वाचनाची मर्यादा झाली. नकाशाची स्वतःची चूक वेगळी. अमेरिकेने १९४७ मध्ये जे अचूकतेचे निकष ठरवले त्यात १:२०,००० आणि त्याहून लहान प्रमाणाच्या नकाशांसाठी तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू कागदावर एक इंचाच्या पन्नासाव्या भागात, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत, जागेवर असावेत असं होतं. निकष मीटरमध्ये नव्हता, कागदावरच्या अंतरात होता हे बघा. अर्धा मिलिमीटर १:२४,००० वर १२ मीटर होतो, १:५०,००० वर २५. स्केल म्हणजे नुसतं लहान-मोठं करणं नाही, कागदावर किती विश्वास ठेवायचा तेही तोच सांगतो.

त्यात रेषेची जाडी. नकाशावर रस्ता ०.६ मिलिमीटर जाड काढला तर १:५०,००० वर तो ३० मीटर रुंद होतो, खरा रस्ता ७ मीटरचा असला तरी. खऱ्या जाडीत काढला तर दिसणारच नाही. मग शेजारी नदी, तिच्याशेजारी रेल्वेची लाईन, तिन्ही जाड रेषा एकमेकींवर चढू नयेत म्हणून नकाशा करणारा त्यांना थोडं बाजूला सरकवतो. आणि बारीक वळणं गाळतो, कारण ती रेषेच्या जाडीतच बुडतात. ही फसवणूक नाही, त्या स्केलला नकाशा वाचता यावा म्हणून करावंच लागतं.

तुमची पायवाट तिथे छाटली गेली. बरेच जण म्हणतील चढ होता म्हणून अंतर वाढलं, कारण नकाशा आडवं अंतर दाखवतो. ते खरं आहे पण तुमच्या बाबतीत त्याने काही होत नाही. ३५०० मीटरच्या वाटेवर सलग ३०० मीटर चढ असला तरी खरं अंतर होतं ३५१३ मीटर, जेमतेम १३ मीटरची भर. चढाने मोठा फरक पडायला उतार फारच खडा लागतो, ३० अंशाला पंधरा टक्के, ४५ अंशाला एकेचाळीस. तुमचे ८०० मीटर बहुतेक वळणांत गेलेत. नागमोडी वाट नकाशावर दोन-तीन वळणांची होते, त्यात तुम्ही पट्टी सरळ लावली असेल तर उरलेली वळणंही गेली. काही भर फोनचीही असेल, जीपीएसचे बिंदू इकडेतिकडे उडतात आणि तो वेडावाकडा माग अंतरात धरला जातो, झाडीत आणि दरीत जास्तच. कुणाचा वाटा किती ते तुमची वाट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण एक करून बघा, त्याच नकाशावर वाटेवरून ओला दोरा वळणावळणाने ठेवा आणि मग दोरा सरळ करून मोजा. आणि मिळाला तर १:२५,००० च्या नकाशावर तेच करा. तिथे आकडा जवळजवळ नक्की वाढेल.

स्केल बदलला की लांबी बदलते ही गोष्ट मोठ्या मोजमापांतही सुटलेली नाही. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने देशांच्या सीमांच्या लांब्या जमवल्या तर स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या एकाच सीमेचे ९८७ आणि १२१४ किलोमीटर असे दोन आकडे त्याला सापडले. सीमा तीच, मोजायचं पाऊल वेगळं. पाऊल जितकं लहान तितकी जास्त वळणं सापडतात आणि लांबी वाढत जाते. मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ मध्ये ब्रिटनचा किनारा नेमका किती लांब हा जो प्रश्न मांडला तो याच कामावरून. म्हणून नदी, किनारा, घाटातली वाट यांची लांबी कुणी सांगितली की मी आधी विचारतो, कुठल्या स्केलच्या नकाशावरून?

फोनवरच्या नकाशाने यात एक नवा गैरसमज आणलाय. बोटांनी झूम केलं की स्केल बदलतो हे बरोबर, पण त्यातली माहिती ज्या स्केलला गोळा झाली तो स्केल बदलत नाही. मी एक साईट प्लॅन बघितलाय ज्यात १:५०,००० च्या नकाशावरून उचललेला ओढा १:५०० च्या मोजणीवर जसाच्या तसा चिकटवला होता आणि तो ओढा उभ्या इमारतीतून वाहत होता! कॉम्प्युटरवर रेषा एकदम बारीक आणि खणखणीत दिसते, त्यामुळे तिच्यामागचे पंचवीस-तीस मीटर कुणाला जाणवत नाहीत. लहान प्रमाणावरची माहिती मोठ्या प्रमाणात नेऊ नका, उलटं चालतं.

जगाच्या नकाशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये म्हणून पटकन सांगतो, बहुतेक वेब नकाशे मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये वापरलेल्या प्रक्षेपणाच्याच (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या पद्धतीच्या) जातीचे आहेत आणि त्यात स्केल जागोजागी वेगळा असतो, विषुववृत्ताच्या मानाने ६० अंश अक्षांशावर सगळं दुप्पट लांब दिसतं. नकाशा उत्तरेकडे सरकवताना कोपऱ्यातल्या पट्टीवर नजर ठेवा, झूम तोच ठेवूनही तिचा आकडा किंवा लांबी बदलताना दिसेल. एका शहराच्या नकाशात याची चिंता नको, खंडाच्या नकाशावर मात्र पट्टी लावून अंतर काढू नका.

आता तुमचा प्लॉट, ३० बाय ४० मीटर. स्केल निवडताना मी दोन गोष्टी बघतो, कागदावर मावतं का आणि सगळ्यात बारीक गोष्ट दिसते का. ए-३ कागद ४२० बाय २९७ मिलिमीटर, कडा आणि नाव-तारखेची चौकट सोडून हाताशी ३८० बाय २५० धरा. १:१०० ला प्लॉट ४०० बाय ३०० होतो, मावत नाही. १:१२५ ला ३२० बाय २४०, मावतो पण मापं लिहायला बाजूला जागाच उरत नाही. १:२०० ला २०० बाय १५०, आरामात. मधला १:१५० घ्यायचा मोह होईल, मी नाही घेत, कारण त्या स्केलची पट्टी बहुतेकांच्या हाताशी नसते आणि साईटवरचा माणूस डोक्यात गुणाकार करत बसतो. १:२०० ला अर्धा सेंटीमीटर म्हणजे एक मीटर, कुणालाही जमतं. ए-२ प्रिंट काढायची सोय असेल तर मात्र १:१०० च घ्या, तिथे ४०० बाय ३०० मावून जागाही उरते.

दुसरी कसोटी बारीक गोष्टींची. १० सेंटीमीटरची भिंत १:२०० ला अर्धा मिलिमीटर होते, म्हणजे दोन रेषा काढल्या तर चिकटून एकच जाड रेषा दिसेल. प्लॉटच्या हद्दी, घराची बाहेरची रेघ, झाडं, विहीर एवढं दाखवायचंय तर चालतं. खोल्या, दारं, भिंतींची जाडी हवी असेल तर १:१००, तिथे ती भिंत १ मिलिमीटर होते, आणि ओटा किंवा बाथरूमची मांडणी हवी असेल तर तेवढाच भाग १:५० ला वेगळा काढा. सगळं एका शीटवर कोंबलं की कुठलंच नीट वाचता येत नाही. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, प्लॅन कुणाला द्यायचाय ते आधी विचारा, मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा स्केल ठरलेला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून तोच घ्यायचा.

कॉम्प्युटरवर काढणार असाल तर ड्रॉइंग नेहमी खऱ्या मापात काढा, ४० मीटरची बाजू ४० मीटरचीच, आणि स्केल फक्त प्रिंटच्या पानावर बसवताना द्या. काढतानाच सगळं लहान करून काढलं की पुढे एक खिडकी बदलायला गेलात तरी गुणाकार चुकतो. उताराचा प्लॉट असेल आणि छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखी दाखवणारी आकृती, काढणार असाल तर उभा आणि आडवा स्केल दोन्ही लिहा, कारण छेदात उंची मुद्दाम ताणून दाखवतात, आडवं १:१००० आणि उभं १:१०० असलं तर वीसात एकचा सौम्य उतार कागदावर दोनात एकचा कडा वाटतो आणि बघणारा उगाच घाबरतो. आणि चौकटीत नुसतं १:२०० लिहू नका, '१:२००, ए-३ कागदावर' असं लिहा आणि खाली पट्टी काढा. तुमच्या प्लॅनवाल्याने कागदाचं माप लिहिलं असतं तर तुमचा पहिला प्रश्न पडलाच नसता.

त्या पीडीएफचं आता असं करा. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये पानाचं माप बघा, ४२० बाय २९७ मिलिमीटर असेल तर ती ए-३ चीच. मग ए-३ प्रिंट काढणाऱ्याकडे जाऊन 'ॲक्च्युअल साईज' म्हणजे १०० टक्के असं निवडून एक प्रिंट काढा, 'फिट टू पेज' बंद आहे ना ते स्वतः बघा. हॉलची भिंत आता ५.२ भरली पाहिजे. ५.१ भरली तर फिट टू पेज चालूच राहिलंय. ५.२ भरली तर लगेच खूश होऊ नका, हॉलची दुसरी भिंत, कागदावर उभी असलेली, तीही मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा.